कारणे द्या



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आई आजारी होती. अजूनही आहे, पण आज ती गॅलरीत खुर्चीवर बसून मेथी निवडते आहे आणि मला तासभर मोकळा मिळालाय. तेव्हा वर्षभर मनात साठलेलं एकदाचं लिहून टाकते. जरा तिखट होईल. नातलगांपैकी काहींना हे आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटेल. तसं वाटलं तर ते बरोबरच आहे!

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासाच्या पेपरात 'कारणे द्या' हा प्रश्न हमखास असायचा. दर वर्षी एखादा पोरगा तेच विधान फिरवून उत्तर म्हणून लिहायचा. 'हैदराबादचे निजामाचे राज्य संपले. कारणे द्या.' तर उत्तर काय? 'कारण निजामाचे दिवस भरले होते.' वाक्य छान, मार्क शून्य. मी समासात लाल शाईने लिहायचे, 'हे कारण नव्हे.'

गेल्या वर्षी मला असंच उत्तर एका शिकल्यासवरल्या माणसाकडून मिळालं. प्रश्न असा होता : आजींचं हिमोग्लोबिन ६.८ झालंय. कारण द्या. उत्तर : 'आजींचं वय ९२ आहे. वयोमानाप्रमाणे हे चालायचंच.' सोबत टॉनिकची बाटली, लोहाच्या गोळ्या आणि पाठीवर हात.

खरं सांगायचं तर पहिलं शून्य मला स्वतःलाच द्यायला हवं. त्याआधी सहा महिने आई जिना चढताना मध्येच थांबत होती. पूर्वी संध्याकाळी एकनाथ रंगमंदिरापर्यंत माझ्याबरोबर चालत यायची, ते बंद झालं. पावलांवर सूज आली. रात्री दोन उश्या घेऊन झोपायला लागली, मग तीन. मी शेजारणीला काय सांगत होते? 'वय झालं हो आता.' डॉक्टरांनी जे म्हटलं ते मी अर्धं वर्ष आधीच म्हणून बसले होते. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट कपाटात होता. त्यात १०.९ लिहिलं होतं. तो काढून पाहायची बुद्धी मला झाली नाही.

आता मुद्द्यावर येते. प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आहे. म्हाताऱ्यांसाठी त्यांनी वेगळी, खालची रेघ आखून दिलेली नाही. वय वाढल्यावर रक्तक्षयाचं प्रमाण वाढतं हे खरं. पण वाढतं ते कशाकशाने, हाच तर प्रश्न आहे. पोटात कुठेतरी झिरपणारा रक्तस्राव, जखम किंवा गाठ. वर्षानुवर्षं घेतलेली रक्त पातळ करणारी गोळी. मूत्रपिंड थकणं, कारण रक्त तयार करा असा निरोप तेच पाठवतं. शाकाहार, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी यांनी घटलेलं बी १२. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. टॉनिकची बाटली मात्र सगळ्यांना एकच!

तुम्ही म्हणाल, बाई, कधी कधी कारण सापडतच नाही. मान्य. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ च्या पुढच्या लोकांतल्या रक्तक्षयाचे त्यात साधारण तीन सारखे वाटे निघाले. एक वाटा लोह, बी १२, फोलेट यांच्या कमतरतेचा, दुसरा मूत्रपिंडाचा किंवा जुनाट दाहाचा आणि तिसरा 'कारण कळत नाही' असा. पण पहिले दोन तपासल्याशिवाय तिसरा वाटा कोणाला कळणार? शोधून न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं. माझं भांडण एवढ्याशीच आहे.

आईच्या बाबतीत न शोधण्याची किंमत अशी मोजली. रक्त कमी असलं की हृदयाला तेच काम जास्त जोरात करावं लागतं. आईचं हृदय आधीच दमलेलं. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली आहे हे एको केल्यावर कळलं. एका रात्री ती बसूनच राहिली, झोपता येईना. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे एकाच दिवसात दोन पिशव्या रक्त चढवलं, दुसरी तर घाईघाईत. थकलेल्या हृदयाला एवढं पाणी झेपत नाही. ते फुप्फुसात साचतं. रक्त देऊन तिचा श्वास सुधारण्याऐवजी आणखी कोंडला. अशा रुग्णाला एका वेळी एक पिशवी, सावकाश, गरज पडल्यास लघवीच्या इंजेक्शनसोबत द्यायची असते, हे मला नंतर समजलं. त्या रात्री मला फक्त तिचे ओठ निळे दिसत होते.

तिथून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'आधीचे रिपोर्ट कुठे आहेत?' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग फेरिटिन, बी १२, क्रिएटिनिन आणि शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त, अशा तपासण्या झाल्या. बोटातून आणि दंडातून दिलेलं थोडं रक्त, एक डबी, बस. लोह तळाला गेलेलं निघालं आणि शौचात रक्त निघालं. म्हणजे कुठून तरी गळती होती. दहा वर्षांपासून चालू असलेली ॲस्पिरिन नफातोटा बघून त्यांनी बंद केली. आईच्या संमतीने दुर्बीण घालून जठर पाहिलं, तिथे काही नव्हतं.

डॉक्टरांनी एक शक्यता सांगितली. ही झडप अरुंद झाली की त्यातून जोराने जाताना रक्त गोठवणारं एक प्रथिन तुटतं आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपतं. एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ मध्येच या दोन आजारांची जोडी नोंदवली होती. म्हणजे आईचं हृदय आणि आईचं रक्त ही कदाचित दोन दुखणी नसून एकाच दोरीची दोन टोकं असतील. 'असेल, नक्की नाही,' असंच ते म्हणाले. नक्की करायचं तर मोठ्या आतड्याची दुर्बीण हवी.

इथे नातलगांचे फोन सुरू झाले. 'ताई, काय छळ लावलाय तिचा? ब्याण्णव वर्षांच्या बाईला कशाला टोचता?' हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. म्हाताऱ्या शरीराची चाळण करणारे लोकही आहेत. पण 'छळ नको' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आईला विचारलं नव्हतं! मी विचारलं. सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'सापडलं तरी मी काय कापून घेणार नाही, बाई. मग शोधता कशाला?' आम्ही तिथे थांबलो. झडपेच्या शस्त्रक्रियेलाही ती नाही म्हणाली. हा निर्णय तिचा आहे, माहिती असून घेतलेला. 'वय झालं' म्हणून तिच्या डोक्यावरून परस्पर घेतलेला नाही. दोन्हींत शेवटी दुर्बीण झालीच नाही, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत.

आणि गूळ-खजूर-बीट सुचवणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगते : प्रेम कळतं, पण अशक्त हृदयाच्या माणसात यकृत एक संप्रेरक जास्त सोडतं आणि ते आतड्यातून लोह आत घेण्याचा दरवाजाच लावून घेतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा रुग्णांना सोळा आठवडे तोंडाने लोह देऊनही त्यांची श्रम करण्याची ताकद वाढली नाही. (आई तर ती गोळी चहाबरोबर घ्यायची, म्हणजे आणखी वाया.) म्हणून लोह शिरेतून द्यावं लागलं. हृदय अशक्त असलेल्या प्रत्येक रुग्णाचं लोह वेळोवेळी तपासावं, असं युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. त्यात ९२ ला सूट नाही.

सरकारचंही आपल्यासारखंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. कोणत्या स्त्रिया? १५ ते ४९ वयाच्या. पन्नाशी ओलांडली की मोजणंच बंद. २०१८ च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' योजनेत सहा गट आहेत. बाळं, मुलं, किशोरवयीन, गरोदर, स्तनदा आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया. त्यांचं रक्त वाढावं, जरूर वाढावं. पण जिने त्या सगळ्यांना रांधून वाढलं आणि स्वतः कढईचं खरवडून खाल्लं, ती सातव्या गटात कुठेच नाही!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २० वं कलम सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी रांग आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराची सोय सांगतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंत आयुष्मानचं संरक्षणही आहे, पण ते दाखल झाल्यावर. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून बाहेरून करायच्या तपासण्या आपल्याच खिशातून. आपल्या घाटीत तर वृद्धांच्या आजारांचा स्वतंत्र विभागच आहे. उस्मानपुऱ्यात राहून मला तो कळायला वर्ष लागलं. तुम्हाला लागू नये म्हणून लिहिते आहे.

आईचं हिमोग्लोबिन आता ९.८ आहे. हृदय बरं झालेलं नाही, होणारही नाही. रक्त नेमकं कुठून जातं हे आजही खात्रीने कोणी सांगू शकत नाही. कदाचित ते पुन्हा उतरेल, पुन्हा सुई लागेल. एक दिवस ती जाईल आणि तेव्हा लोक म्हणतील, 'वय झालं होतं.' त्या दिवशी मी वाद घालणार नाही. पण सध्या ती एका उशीवर झोपते, मेथीच्या काड्या किती टाकल्या म्हणून मला ओरडते, आणि हे महिने तिला टॉनिकच्या बाटलीने मिळालेले नाहीत.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढा, त्याच्या आधीचा काढा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. खाली उतरले असतील तर डॉक्टरांना विचारा, कशाने? उत्तर 'वयाने' असं आलं तर नम्रपणे पुन्हा विचारा. आणि मग काय करायचं ते त्या माणसालाच विचारा.

आई हाक मारते आहे. मेथी निवडून झाली वाटतं.