विषाचा टँकर आणि गावाचा पहिला तास

अकोल्याहून वाशीममार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ कनेरगाव नाक्याशी हिंगोली जिल्ह्यात शिरतो आणि हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर हा टापू ओलांडून वारंगा फाट्यावरून पुढे नांदेडकडे जातो. या रस्त्याने हळद, कापूस आणि सोयाबीन जाते, तसेच पेट्रोल, डिझेल आणि औद्योगिक रसायने भरलेले टँकरही जातात. असा एखादा टँकर उद्या रात्री उलटला, तर पहिल्या तासात तेथे कोण असेल? तज्ज्ञ नसेल, कंपनीचा अधिकारी नसेल, बहुधा अग्निशमन दलही नसेल. तेथे असतील रानात पाणी द्यायला गेलेला शेतकरी, ढाब्यावरचा पोऱ्या, शेजारच्या वस्तीतील मजूर आणि स्वतः जखमी झालेला चालक. संकट निवारणाच्या सरकारी योजना ज्यांना प्रेक्षक मानतात, तीच माणसे या तासाची खरी कर्ती असतात. आणि नेमकी हीच माणसे या योजनांतून वगळलेली आहेत.

हा प्रश्न काल्पनिक नाही. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्यानजीक कुणे गावाजवळच्या पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. चौघांचा बळी गेला. जळते द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले आणि त्या रस्त्याने जाणारी माणसेही होरपळून मेली. त्यांचा द्रुतगती मार्गाशी काही संबंध नव्हता. ते आपल्या वाटेने चालले होते आणि वरच्या रस्त्यावरचे संकट त्यांच्यावर कोसळले. राज्यातल्या सर्वांत अधिक राखलेल्या रस्त्यावर जर असे घडते, तर मराठवाड्यातल्या रस्त्यांविषयी काय बोलावे?

रसायनाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येणार नाही. उदाहरणादाखल मिथेनॉल घेऊ. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याचा क्रमांक १२३० असून ते एकाच वेळी ज्वलनशील आणि विषारी द्रव म्हणून नोंदलेले आहे. ते पाण्यासारखे दिसते आणि त्याला दारूसारखा वास येतो. साधारण ११ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ते पेटू शकते. उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. माणूस आगीत पाऊल टाकतो तेव्हाच त्याला आग कळते. वाफ सखल भागात, गटारात आणि नाल्यात साचते आणि दूरच्या एखाद्या चुलीपाशी पेटून उलट टँकरपर्यंत येते.

त्याच्या विषारीपणाची तऱ्हा तर याहून घातक आहे. पोटात गेलेले मिथेनॉल लगेच त्रास देत नाही. अनेकदा बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा येतात, दृष्टी अंधुक होते, आणि तोवर शरीरात विषाचे काम बरेचसे होऊन गेलेले असते. १० मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणानेही माणूस आंधळा होऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाड-मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतली होती.

टँकर उलटला की लोक कॅन आणि घागरी घेऊन धावतात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे 'लुटीसाठी झुंबड' असे मथळे देतात. आम्हांला हे मथळे अन्यायाचे वाटतात. ज्याच्या घरी दिवसाची मजुरी दुसऱ्या दिवशी पुरत नाही, त्याला रस्त्यावर वाहून जाणारे इंधन ही फुकट गेलेली संपत्तीच वाटणार. ते इंधन आहे की विष, हे त्याला सांगण्याची तसदी कोणी कधी घेतलेली नाही. अज्ञान ठेवायचे राज्यकर्त्यांनी आणि लोभाचा ठपका यायचा गावावर, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा हवेत काय मिसळले आहे आणि त्यावर उपचार कोणता, हे तेथील डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नव्हते. त्या हत्याकांडानंतर देशाने कायद्यांची एक मालिकाच रचली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम ही त्यातली ठळक नावे. १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असावा, त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हावी आणि वर्षातून किमान एकदा पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम व्हावी. कागदावर हे उत्तम आहे. परंतु त्याच नियमांतले स्थानिक गट कोठे नेमायचे? प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात. म्हणजे कायद्याने धोका कारखान्याच्या भिंतीशी बांधून टाकला आणि धोका मात्र सहा चाकांवर बसून हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांतून फिरतो. जेथे कारखाना नाही तेथे तयारीही नाही.

वाहतुकीला नियम नाहीत असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशा टँकरवर मालाचे नाव, त्याचा वर्ग आणि संकटकाळी संपर्काचे दूरध्वनी क्रमांक दाखवणारा फलक हवा. चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यायला हवी, आणि त्याने विशेष प्रशिक्षण घेतलेले असायला हवे. पण फलकावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्या फलकाचा अर्थ महामार्गावरच्या कोणत्या ग्रामपंचायतीला समजावून दिला गेला आहे? ज्याला वाचता यायला हवे त्याच्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

येथे चालकाविषयी बोलणे भाग आहे. टाकीत काय आहे हे अपघातस्थळी जाणणारा तो एकमेव माणूस असतो. तो पळाला तर माहितीही पळते. तो का पळतो? जमावाच्या मारहाणीच्या भयाने. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातात माणूस दगावल्यावर खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी संप केला. आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. शिक्षेचा धाक दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. चालकाला गावात संरक्षण आहे, त्याला कोणी हात लावणार नाही आणि त्याच्या तोंडून मालाचे नाव कळणे हेच गावाच्या जिवाचे रक्षण आहे, ही जाणीव रुजवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. चालकही श्रमिकच आहे. सलग किती तास त्याला गाडी हाकावी लागते, याचा हिशेब मालकाकडे मागितला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या भाषेत या साऱ्याला एक नाव आहे. उत्पादनाचा काही खर्च उत्पादकाच्या वहीत न चढता समाजाच्या माथी पडतो, हे पिगू यांनी १९२० साली मांडले. विल्यम काप यांनी १९५० साली पुढे जाऊन दाखवले की खर्च असा दुसऱ्यावर ढकलणे हा खासगी उद्योगाचा अपवाद नसून ती त्याची रीतच आहे. टँकरमधील रसायनाचा नफा वापी, तारापूर किंवा हैदराबादच्या हिशेबात जमा होतो. सांडलेले रसायन मात्र कयाधूच्या पात्रात उतरते, तेथून पैनगंगेला मिळते आणि काठच्या विहिरींत झिरपते. मेलेले बैल, नासलेले पाणी, बुडालेली मजुरी यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. १९९१ च्या विमा कायद्यात वाहतुकीचाही समावेश होता, हे खरे. परंतु त्याच्या मूळ परिशिष्टात माणसाच्या मृत्यूसाठी २५,००० रुपये आणि मालमत्तेच्या हानीसाठी ६,००० रुपये धरले होते. एका बैलाची किंमतही त्यातून निघाली नसती. उलट सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सांगून ठेवले आहे की, धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. काळजी घेतली होती ही सबब त्याला चालणार नाही. या तत्त्वाचा सरळ अर्थ असा की, धोक्याच्या तयारीचा खर्चही त्यानेच उचलला पाहिजे.

काही जण म्हणतील, असे अपघात विरळा; त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्यात खर्च करणे गरीब राज्याला परवडेल काय? उत्तर भोपाळनेच दिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा बारा बंद वाहनांतून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेण्यात आला. रस्ता मोकळा ठेवला होता, ताफ्याबरोबर पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल होते. प्रत्येक टँकरला असा ताफा देता येणार नाही, हे आम्हांलाही कळते. पण ताफा देता येत नसेल तर वाटेवरच्या गावाला निदान ज्ञान आणि साधने द्या. शासनाला हे जमत नाही असे नव्हे. न्यायालयाचा रेटा असला की जमते. लोकांचा रेटा अजून निर्माण व्हायचा आहे.

शिवाय धोका आता घटत नसून वाढत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. साखर कारखान्यांचे स्पिरिट तेल कंपन्यांच्या आगारांकडे टँकरने जाते. इथेनॉल काय किंवा मिथेनॉल काय, दोन्ही पाण्यात विरघळतात आणि पेट्रोलच्या आगीवर वापरला जाणारा साधा फेस त्यांच्यावर टिकत नाही, तो विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा निराळा फेस लागतो. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीच्या नगरपरिषदांच्या अग्निशमन दलांकडे तो किती आहे, हे आमच्या वाचकांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. जिल्ह्यात रस्त्यावरच्या रसायनगळतीची शेवटची रंगीत तालीम कोणत्या तारखेला झाली, हेही त्याच अर्जात विचारावे.

मागण्या मोजक्या आणि पुऱ्या करण्याजोग्या आहेत. महामार्गालगतच्या प्रत्येक गावात पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, ढाबेवाले आणि तरुण मंडळे यांना प्रशिक्षण मिळावे. टँकरवरचा फलक राज्याच्या भाषेतही असावा. योग्य फेस आणि संरक्षक पोशाख तालुक्याच्या ठिकाणी ठेवावेत. मिथेनॉलच्या विषबाधेवरील औषधे आणि डायलिसिस यांची सोय जिल्हा रुग्णालयात आणि २०२४ साली सुरू झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अहोरात्र असावी. या साऱ्याचा खर्च रसायन पाठवणाऱ्यांकडून वसूल व्हावा. विम्याच्या हप्त्याबरोबर मालकाकडून मदतनिधीसाठी रक्कम घेण्याची पद्धत १९९१ च्या कायद्याने घातलेली आहेच. तिचा विस्तार तेवढा करायचा आहे.

तोवर गावाने हातावर हात ठेवून बसू नये. ग्रामसभेत पुढील गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्यात. टँकर उलटला की वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढाकडे जावे, सखल भागात उतरू नये. निदान पन्नास मीटरच्या आत कोणी जाऊ नये; गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूची वस्ती तीनशे मीटरपर्यंत हलवावी; आणि टाकीलाच आग लागली असेल तर चहूबाजूंनी आठशे मीटर मोकळे करावे. बिडी, चूल, मोटारीचे इंजिन आणि पाण्याचा पंप बंद करावा. फलकावरचे नाव आणि क्रमांक दुरून वाचून ११२ वर कळवावा. अंगावर द्रव उडाले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध सुरक्षित अंतरावरूनच घालावा. आणि सांडलेला एक थेंबही भांड्यात भरू नये.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ ने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांना दिले आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधीला दिले. ते पद शोभेसाठी नाही. येत्या ग्रामसभांत महामार्गालगतच्या गावांनी वरील मागण्यांचे ठराव करावेत आणि त्यांच्या प्रती या दोघांच्या हाती मोर्चाने जाऊन द्याव्यात. गावाने कोणता धोका सोसायचा हे गावाला न विचारता ठरवले जाते, तोवर लोकशाही महामार्गापर्यंत पोहोचलेली नाही, असेच म्हणावे लागेल.