दोन महिने तुम्ही नसाल, तर धंदा चालेल का?



आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. त्यांचं मोठेपण आपण सगळे सांगतो. पण घरदार, धंदा सोडून जाणं प्रत्येकाला जमत नाही, हेही खरं.

मग अर्धवेळ वर्दी? तीही आहे. प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. १९४९ पासून सुरू आहे. अधिकारी व्हायचं तर पदवी हवी, वय १८ ते ४२ आणि स्वतःची कमाई हवी. ही अट नीट वाचा. ही पूर्णवेळ नोकरी नाही, हे सेना आधीच सांगते. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण, आणि पगार सेवेवर असाल तेवढ्याच दिवसांचा.

आता एखाद्या डॉक्टरचा विचार करा. दवाखाना म्हणजे धंदाच की! जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार, मशीनचा हप्ता. डॉक्टर दोन महिने नसला तरी हे थांबत नाही. पेशंट मात्र पलीकडच्या दवाखान्यात जातो, आणि गेलेला पेशंट परत येईलच असं नाही. अमेरिकेत राखीव दलातल्या डॉक्टरांना हाच फटका बसायला लागला. शेवटी तिथल्या सैन्याला त्यांची मोहिमेवरची तैनाती ९० दिवसांवर आणावी लागली. देशसेवेची हौस कमी नव्हती हो, गल्ला रिकामा होत होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धंदा सुरू होऊन वर्षच झालं असेल, तर वर्दीच्या मागे आत्ता लागू नका. आधी दुकान उभं करा. पण 'मी नसलो की शटर खाली' हे अभिमानाने सांगत असाल, तर तेही बंद करा. तो धंदा नाही, ती तुम्हीच तुम्हाला दिलेली नोकरी आहे. आणि त्यात रजाही नाही!

मीही दुकानदार आहे, म्हणून सोपं सांगतो. तीन गोष्टी बघा. उधारीची वही तुमच्याशिवाय कुणाला कळते का? माल संपला तर फोन कोण करणार? आणि तीन महिन्यांचं भाडं-पगार बाजूला आहे का?

तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर वर्दी घाला, आईचं आजारपण सांभाळा, नाहीतर दुसरी शाखा काढा. मोकळीक तुमची.

या रविवारपासून एक दिवस दुकानात जाऊ नका. काय अडलं, ते कमेंटमध्ये लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.