दोन दिवसांची मुंबई, पाच जेवणे



मुलांच्या परीक्षा संपल्या की घराघरांत एक विषय हमखास निघतो : दोन दिवस मुंबईला जाऊन येऊ. सोलापूर, कोल्हापूर, लातूर, जालना, कुठूनही असो, बेत साधारण सारखाच असतो. शुक्रवारी रात्रीची गाडी, शनिवारी सकाळी मुंबई, रविवारी रात्री परतीची गाडी. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, थोडी खरेदी. मुक्कामाची सोय नातेवाइकांकडे किंवा लॉजवर. सगळे आधी ठरते, फक्त जेवायचे कुठे हे ठरत नाही. ते 'तिथे गेल्यावर बघू' यावर सोडलेले असते. मग भर उन्हात, पाय दुखत असताना आणि मुले रडकुंडीला आलेली असताना समोर जे पहिले हॉटेल दिसेल त्यात आपण शिरतो. बिल मुंबईचे आणि चव बसस्टँडवरची, असा अनुभव घेऊन परततो.

जरा हिशेब करून पाहा. शनिवारचा नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण. रविवारचा नाश्ता आणि दुपारचे जेवण. रविवारची रात्र गाडीत जाते. म्हणजे हातात पाचच जेवणे आहेत. मोबाइलवर मात्र मुलाने पन्नास हॉटेलांची यादी जमवलेली असते. पन्नासांतून पाच निवडायची, तर निवडीची काही कसोटी हवी.

पहिली कसोटी : जे आपल्या घरी उत्तम होते ते तिथे खायला जाऊ नये. रत्नागिरीच्या कुटुंबाने मुंबईत मासळीची थाळी का शोधावी? ज्यांच्या घरी सणासमारंभाला नान-कलिया होतो त्यांना मुंबईच्या रस्सा-रोटीचे काय अप्रूप? दुसरी कसोटी : त्या जागेला शहराची काही गोष्ट असावी. मॉलमधल्या फूड कोर्टात जे मिळते ते आता आपल्या जिल्ह्याच्या गावीही मिळते. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : आपल्याबरोबर जे आहेत त्या सर्वांना तिथे निवांत बसता आले पाहिजे. दादीअम्मांचे गुडघे, अब्बांची साखर, कडेवरचे बाळ आणि नमाजची वेळ या चार गोष्टी ज्या हॉटेलात सांभाळल्या जात नाहीत, ते कितीही नावाजलेले असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

या कसोट्या लावून दोन दिवसांचा एक नमुना देते. तो जसाच्या तसा पाळावा असे नाही, पण निवड कशी करावी हे त्यावरून लक्षात येईल.

गाडी सकाळी सीएसएमटीला लागली की नाश्त्यासाठी धोबी तलावाकडे चला. मेट्रो सिनेमासमोर 'कयानी अँड कंपनी' हे १९०४ सालचे इराणी हॉटेल आहे. इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुस्लिम कुटुंबांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर अशी हॉटेले काढली. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटे, कडक चहा, बनमस्का आणि मावा केक. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी यांना परवडेल अशा दरात बसायला खुर्ची आणि प्यायला चहा या हॉटेलांनी दिला. आता त्यांतली थोडीच उरली आहेत. मुलांना हे सांगत सांगत बनमस्का चहात बुडवा. पोटाला हलका, खिशालाही हलका.

दुपारी बॅलार्ड इस्टेट. तिथले 'ब्रिटानिया' १९२३ चे. दुपारच्या जेवणासाठीच प्रसिद्ध असलेले हे पारशी-इराणी हॉटेल, त्यामुळे रात्रीचा बेत ठेवून इथे जाऊ नका. इथला बेरी पुलाव खावा. इराणमध्ये जेरेश्क नावाची छोटी, आंबट, लाल फळे भातात घालतात, त्या पुलावाला मुंबईच्या मसाल्याची जोड मिळाली आणि हा पदार्थ झाला. आपल्याकडच्या बिर्याणीची सवय असलेल्या जिभेला तो आंबटगोड घास नवा वाटेल. मांसाबद्दल आधी विचारून घ्या. मन मानत नसेल तर शाकाहारी बेरी पुलावही मिळतो.

संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केट. खरेदीने दमल्यावर समोरच्या 'बादशाह'मध्ये फालुदा. हे दुकान १९०५ चे. जवळच जामा मशीद आहे, पुढे मोहम्मद अली रोडवर मिनारा मशीद. पुरुषांच्या मगरिबची सोय सहज होते. स्त्रियांसाठी नमाजची जागा सगळ्याच मशिदींत नसते, म्हणून हे निघण्यापूर्वी ओळखीच्यांना विचारून ठेवावे. मुक्काम जवळ असेल तर खोलीवर जाऊन नमाज आणि तासभर आराम, दोन्ही साधते.

रात्रीचे जेवण भेंडी बाजारात. 'नूर मोहम्मदी' हेही १९२३ चेच. म्हणजे एकाच वर्षी एकाच शहरात, पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एका ठिकाणी कचेरीतल्या लोकांसाठी आणि दुसऱ्या ठिकाणी बाजारातल्या लोकांसाठी चूल पेटली आणि शंभर वर्षे झाली तरी विझली नाही. इथली नल्ली निहारी प्रसिद्ध आहे. निहारी हा शब्द अरबीतल्या 'नहार'वरून, म्हणजे दिवस या अर्थाच्या शब्दावरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खाण्याचा हा पदार्थ. घरी निहारी होत नाही असे नाही, पण मोठ्या देगेत रात्रभर मुरलेल्या रश्श्याची गोष्ट कुकरमध्ये येत नाही. अभिनेता संजय दत्त याने दिलेल्या पाककृतीवरून केलेले 'चिकन संजू बाबा' इथेच मिळते. मुलांना त्याची मजा वाटेल. नंतर बोहरी मोहल्ल्यात 'ताज आइस्क्रीम'. १८८७ पासूनचे हे दुकान. संचात हाताने फिरवून केलेले, ताज्या फळांचे आइस्क्रीम.

या भागाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. भेंडी बाजारातल्या जुन्या इमारती पाडून तिथे नवे टॉवर उभे राहत आहेत. दुकाने जागा बदलतात, रस्ते बंद असतात. म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलला फोन करून ते सुरू आहे का, वेळ काय, हे विचारा. आणि म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदाच इथे आणायचे असेल तर रमजानच्या रात्री आणू नका. ती रौनक पाहण्यासारखी असते यात शंका नाही, पण त्या गर्दीत दादीअम्मांना बसायला खुर्ची मिळणार नाही आणि कडेवरचे बाळ घाबरेल. रमजानची रात्र तरुणांसाठी ठेवा.

रविवारी सकाळी गेटवे पाहायचे असेलच, तर नाश्ता कुलाब्याला 'ऑलिम्पिया'मध्ये. १९१८ चे हे हॉटेल खिमा-पावासाठी ओळखले जाते. घरी खिमा करतोच, पण सकाळी गरम पावाबरोबर, बाहेर शहर जागे होत असताना खाल्लेला खिमा वेगळाच लागतो.

दुपारी माटुंगा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकालगत 'रामा नायक' यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचे. केळीच्या पानावर भात, रसम, सांबार, भाज्या, ताक. काही जण म्हणतील, मुंबईला जाऊन शाकाहारी जेवायचे? त्याची तीन कारणे आहेत. लागोपाठ तीन जेवणे तेलातुपाची झाल्यावर पोटाला विसावा हवा असतो. हलालचा प्रश्न उरत नाही. आणि मुलांना कळते की हे शहर फक्त आपल्या मोहल्ल्याचे नाही. कर्नाटकातून पोटासाठी आलेल्या माणसांनीही इथे घरापासून लांब राहणाऱ्यांची जेवणाची सोय केली. मात्र रविवारी रांग असते आणि वर चढायला पायऱ्या आहेत. गुडघेदुखीचे कोणी बरोबर असेल तर माटुंग्यातच तळमजल्यावरचे एखादे उडुपी हॉटेल निवडा. तिथून दादर जवळ, म्हणजे परतीच्या गाडीची घाई होत नाही.

आता हलालबद्दल. आपण दारातच 'हलाल आहे ना?' विचारतो, आतून 'हो' येते आणि आपण समाधानी होतो. मोहम्मद अली रोडवर तेवढे पुरते. इतरत्र प्रश्न थोडे नेमके हवेत. मांस कुठून येते? चिकन आणि मटण दोन्ही हलाल आहे की फक्त चिकन? तळायचे तेल एकच आहे का? मोठ्या हॉटेलांत चायनीज आणि इटालियन पदार्थांच्या सॉसमध्ये वाइन असू शकते. तिरामिसू आणि डिसेंबरातल्या प्लम केकमध्ये बहुधा रम असते. पुडिंग आणि मार्शमेलोत जिलेटिन असते. हे सगळे ऑर्डर देण्यापूर्वी, शांतपणे आणि हसून विचारावे. चांगल्या हॉटेलातला माणूस आत जाऊन विचारून येतो. जो वैतागतो, त्याच्याकडून उठून यायला संकोच कशाला?

पैशांचेही तसेच. अनेक जुन्या हॉटेलांत वरच्या वातानुकूलित फॅमिली रूमचे दर खालच्यापेक्षा जास्त असतात, बसण्यापूर्वी विचारा. बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. ते देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. वाढणाऱ्या मुलाच्या हातावर खुशीने काही ठेवा, ती वेगळी गोष्ट.

ऑर्डर देताना एकदम सगळे मागवू नका. भुकेल्या डोळ्यांना पोट नेहमीच मोठे वाटते. सहा माणसांत तीन पदार्थ मागवा, खाऊन पाहा, मग पुढचे. उरलेले टाकणे हा इस्राफ आहे, मग तो घरच्या दस्तरख्वानवर असो की हॉटेलच्या टेबलावर. तरीही उरलेच, तर बांधून घ्यायला लाजू नका.

शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषांना उद्देशून. ही सगळी निवड तुमच्या घरात कोण करते? मुलगा रील पाहून सुचवतो, तुम्ही खर्च पाहून मान हलवता. आणि जी बाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चुलीपाशी उभी असते तिला विचारले, तर ती म्हणते, 'तुम्हाला आवडेल ते.' हॉटेलातही ती मुलांना भरवते, सासूच्या ताटातले काटे-हाडे बाजूला करते आणि सर्वांत शेवटी, गार झालेले, उरलेले खाते. जागा बदलली, तिचे काम तेच राहिले. 'तुम्हाला आवडेल ते' हे तिचे उत्तर नसते, ती सवय असते. इतक्या वर्षांत कोणी दुसऱ्यांदा विचारलेच नाही, म्हणून लागलेली सवय.

तर या पाच जेवणांतले एक तिच्या नावाचे ठेवा. गावी असतानाच, निघण्याच्या आठवडाभर आधी यादी तिच्या हातात द्या आणि थांबा. ती पहिल्या वेळी टाळेल, पुन्हा विचारा. कदाचित तिला निहारी नको असेल, समुद्रासमोर बसून नुसती भेळ हवी असेल. कदाचित लग्नाआधी कधी ऐकलेले एखादे नाव ती सांगेल. ते यादीत सर्वांत वर लिहा. त्या जेवणाला बाळ तुमच्या मांडीवर, दादीअम्मांचे ताट मुलाकडे आणि पहिला गरम घास तिचा. हॉटेल कोणते होते हे दहा वर्षांनी मुले विसरतील. अम्मी त्या दिवशी गरम जेवली, हे विसरणार नाहीत.

परतताना मिनारा मशिदीजवळच्या 'सुलेमान उस्मान'कडून अफलातूनचा डबा घ्या, शेजाऱ्यांसाठी. हे दुकान १९३६ चे आहे आणि ही मिठाई टिकाऊ आहे, प्रवासात खराब होत नाही. रविवारी तिकडे फेरी होणार नसेल तर शनिवारी रात्रीच घेऊन ठेवा. गाडीतल्या रात्रीसाठी केळी आणि पाव-मस्का पुरे.

अल्लाह तुमचा प्रवास सुखाचा करो.