'रेस्ट' या नांवाविषयीं थोडेंसें

आमच्या वरच्या वर्गांतील संगणकप्रेमी विद्यार्थी हल्लीं 'रेस्ट' हा शब्द फार सहज उच्चारतात. दोन यंत्रें इंटरनेटवरून बोलूं लागलीं कीं त्यास 'रेस्ट' म्हणावयाचें, अशी त्यांची समजूत दिसते. नांव व्यर्थ घेऊं नये हें आमच्या शाळेंत निराळें शिकवावें लागत नाहीं. परंतु येथें नांवाबरोबर शिस्तहि जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

रॉय फील्डिंग या अमेरिकन संशोधकानें २००० सालीं आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांत हें नांव योजिलें. 'रिप्रेझेंटेशनल स्टेट ट्रान्सफर' हें त्याचें पूर्ण रूप. त्यांतील पहिला शब्द ज्याच्या घरीं शेत आहे त्यास समजावून सांगावा लागूं नये. तलाठी शेत देत नाहीं, सातबाऱ्याचा उतारा देतो. तद्वत् सर्व्हर, म्हणजे माहिती राखणारा संगणक, मूळ वस्तु देत नाहीं. तिच्या स्थितीचा उतारा पाठवितो. वस्तूस स्वतःचा पत्ता मात्र हवा.

पत्त्यावरून पोस्टाची आठवण होते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली पिनकोड पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. जुळे सोलापुरास येणाऱ्या पत्रावर ४१३००४ हा अंक असतो. तो वाचून पत्र पुढें लावणाऱ्या कर्मचाऱ्यास तुम्हीं काल कोणास काय लिहिलें हें ठाऊक नसतें, आणि असण्याचें कारणहि नाहीं. रेस्टमधील प्रत्येक विनंति अशीच स्वयंपूर्ण असावी लागते. कोण मागतो, काय मागतो, सारें तिच्यांतच. सर्व्हरनें मागील संभाषण स्मरणांत ठेवावयाचें नाहीं. म्हणूनच एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा तेंच काम उचलूं शकतो. मागणाऱ्यास दर वेळीं सर्व कांहीं नव्यानें सांगावें लागतें खरें, पण हा व्यवहार आम्हांस रास्त वाटतो.

आमचा खरा आग्रह क्रियापदांविषयीं आहे. 'गेट' म्हणजे पाहणें, 'पोस्ट' म्हणजे नवें सादर करणें, 'पुट' म्हणजे दिल्या पत्त्यावर ठेवणें, 'डिलीट' म्हणजे काढून टाकणें. 'गेट'नें कांहीं बदलतां कामा नये. २००५ सालीं गूगलनें एक साधन काढलें होतें. वेळ वांचावा म्हणून तें पानावरील दुवे वाचकाच्या आधींच उघडून ठेवी. ज्यांनीं 'काढून टाका' हें काम साध्या दुव्यावर, म्हणजे 'गेट'वर, सोपविलें होतें, त्यांच्याकडील लोकांची माहिती कोणीं न सांगतां पुसली गेली. साधनानें केवळ पाहिलें होतें! तसेंच 'पुट' दोनदां गेलें तरी फळ एकच. 'पोस्ट' दोनदां गेलें तर नोंदी दोन होऊं शकतात. फी भरतांना मध्येंच रेंज गेली म्हणजे हा भेद किती महाग पडतो, हें पालकांस विचारावें.

आमची सूचना लहानशीच आहे. संगणकापुढें बसविण्यापूर्वीं मुलांस शाळेच्या ग्रंथालयाची वही द्यावी. प्रत्येक पुस्तकास पत्ता द्यावयास सांगावें, आणि पाहणें, नेणें, परत करणें यांस कोणतें क्रियापद लावावयाचें तें त्यांनींच ठरवावें. 'परत करणें' म्हणजे जुनी नोंद काढणें, कीं नवी नोंद करणें, यावर वर्गांत भांडण होईल. तें होऊं द्यावें.