पट्टा विकता येत नाही, हेच बरं

मागच्या बैठकीत पोरांनी सवाल केला. वनहक्काचा पट्टा मिळाला, मग तो विकता का येत नाही? गहाण ठेवून कर्ज का काढता येत नाही? सवाल चुकीचा नाही. भिवंडीत हायवेला गोदामं झाली आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठं गेले, हे सगळेच बघतात. पण आधी मागची गोष्ट ऐका.

१८६१ ला अमेरिकेत आपसात लढाई लागली. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. जमीन अजून पाण्यात, पण शेअर कितीतरी पटीने विकले गेले. बँकांनी त्याच शेअरवर कर्जं दिली. १८६५ ला लढाई थांबली, भाव पडले, शेअरची रद्दी झाली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली.

गावात काय झालं? तेजीत सावकाराने जमिनीवर सढळ हाताने कर्ज दिलं होतं. भाव पडला, कर्ज काही पडलं नाही. वर सरकारने सारा वाढवला. जमिनी जाऊ लागल्या. मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची खतं जाळली, तेव्हा कुठे १८७९ ला कायदा आला.

२००८ ला अमेरिकेत तेच झालं. घरांचे भाव चढतच राहणार असं धरून, फेडता न येणाऱ्यालाही कर्ज दिलं. भाव उतरले, लोकांची घरं गेली, लेहमन ब्रदर्ससारखी मोठी पेढी बुडाली.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी थोडे पैशे घेऊन नवरा-बायको सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबायचे. १९४५ ला वारली त्याविरुद्ध उठले. माझ्या आईबापाने वीटभट्टीची उचल घेतली. पावसाळा तोंडावर आला, हिशेब झाला, तरी त्यांच्याच नावावर बाकी!

म्हणून सांगतो, तेजीत पैसेवाला हात जोडून दारात येतो, मंदीत तोच जमिनीवर हात ठेवतो. २००६ च्या कायद्याने पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. हे आपल्या जमिनीचं कुंपण आहे. दलाल साध्या स्टँपवर अंगठा मागेल, देऊ नका.

पैशाची नड खरी आहे. त्यासाठी वेळेवर खावटी मागू, रोजगार हमीचं काम मागू, पिकावर कर्ज मागू. पीक एका सालाचं असतं, बुडालं तरी पुढच्या पावसात पुन्हा पेरता येतं. गेलेली जमीन मात्र पेरून येत नाही.