हिरवा पेला आणि आईची जीभ

गेले दोन महिने मी घरच्या मिक्सरवर हिरवी स्मूदी करून पाहतो आहे. पालक, पुदिना, केळे, लिंबू आणि पाणी. रस गाळून चोथा फेकण्यापेक्षा ही रीत मला पसंत आहे. चोथा पोटातच जातो. लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. कच्च्या पालकात ऑक्सॅलेट मात्र फार. मुतखडा झालेल्याने त्याचा रोजचा रतीब लावू नये.

पण माझा खरा आक्षेप केळ्यावर आहे. ते कडूपणा झाकते, आणि हाच म्हणे त्याचा मोठा गुण! पेल्यात पालकाऐवजी दुधी पडला, तर हा गुण जिवावर बेतू शकतो. कडू दुधीत कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असते. त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, रक्तदाब एकाएकी उतरला आहे, माणसे दगावली आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा सल्ला असा: आधी तुकडा चाखा, कडू लागल्यास दुधी टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका.

आमची आई शाळेची पायरी चढली नाही. तरी दुधी चिरताना पहिली फोड तिच्या जिभेवर जाते. कडू निघाला तर तो गुरांपुढेही टाकत नाही ती. आमच्या नव्या पाककृतींत साखर किती, बर्फ किती, सारे चमच्याच्या मापाने दिलेले असते; चाखण्याची पायरी तेवढी कोणी लिहीत नाही.