घसा दुखला की अँटिबायोटिक? डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधला एक रकाना काय बदलू शकतो?

समजा, तुम्ही बेगडेवाडीत राहता आणि लोकलने रोज पिंपरीला कामाला जाता. सोमवारी घसा दुखला, तळेगावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. बुधवारपर्यंत उतार पडला नाही, म्हणून कंपनीजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. "आधी काय घेतलं?" "पांढरी गोळी होती." त्यांनी दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं.

एकाच दुखण्यावर दोन अँटिबायोटिक्स. आणि याची एकत्र नोंद कुठेच नाही.

यात काळजीचं काय?

सर्दी, फ्लू आणि बहुतेक वेळा घसादुखीही विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर. गरज नसताना ते घेत राहिलो, तर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार, २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात अंदाजे १२.७ लाख लोकांचा थेट मृत्यू झाला.

मग नियम नाहीत का?

आहेत. काही अँटिबायोटिक्स २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. ती विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. औषध कशासाठी दिलं, हे मात्र त्यात लिहावं लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून आवाहन केलं: अँटिबायोटिक देताना नेमकं कारण लिहा. पण कागदी चिठ्ठीवर लिहिलेलं कारण रुग्णाच्या खिशातच राहतं.

कॉम्प्युटरमुळे काय फरक पडतो?

बॉस्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या ४७ दवाखान्यांत झालेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक लिहिलं की स्क्रीनवर प्रश्न यायचा: का देताय? डॉक्टरांचं उत्तर रुग्णाच्या नोंदीत दिसायचं. या गटात विनाकारण अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण २३.२ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आलं. ज्या गटात असं काही केलं नव्हतं, तिथेही ते २४.१ वरून १३.१ टक्के झालं, पण घट कमी होती.

ब्रिटनमध्ये ७९ दवाखान्यांत झालेल्या प्रयोगात एका गटातल्या डॉक्टरांना त्यांच्याच नोंदींवरून दर महिन्याला आकडे दाखवले, सोबत स्क्रीनवर सल्लाही दिला. श्वसनाच्या आजारांसाठी अँटिबायोटिक देणं या गटात दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी राहिलं. १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये मात्र फरक दिसला नाही.

आपल्याकडे 'आभा' आहे ना?

आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. १४ अंकी आभा क्रमांकाला तुमच्या नोंदी जोडता येतात आणि तुमच्या संमतीने दुसरे डॉक्टर त्या पाहू शकतात.

पण फक्त क्रमांक काढून भागत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात चिठ्ठी कागदावरच राहिली, तर जोडायचं काय? आणि नोंदीत औषधाचं नाव आहे, पण कारण नाही, तर औषध योग्य होतं की नाही हे तपासायचं कसं? 'कारण' हा रकाना आणि डॉक्टरांपर्यंत परत जाणारे आकडे, या दोन गोष्टी नसतील तर आभा म्हणजे फक्त डिजिटल फाइल.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. "स्ट्राँग गोळी द्या" म्हणण्याऐवजी "हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी?" असं विचारा. आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका.